जोडीदार आहे

प्रिय बगळ्या,

सर्वप्रथम तक्रार. रेनकोटची मापं कळवायचं काम तुझ्याकडे होतं आणि तू दोघांसाठी स्वतःचंच माप कळवलंस. परिणामी तुझ्या उंचीच्या पोपटी रेनकोटात मी सध्या बेटभर फरपटतो आहे. काल मागून येणाऱ्या एका काकूंनी चौकशी केली, आत कोणी आहे का. हे पाप तुझ्या माथी.

बाकी काय सांगू! ‘न भूतो न भविष्यति’ हे मी आजवर फक्त लग्नातल्या पंगतींबद्दल ऐकलं होतं. इथे पहिल्यांदा पटलं. ताटाएवढा खेकडा नारळाच्या झाडावर चढतो, तोही आपल्यासारखा धापा न टाकता. आमची गाईड डोंगरातली, नावाडी किनाऱ्यावरचा. दोघांच्या भाषा वेगळ्या, म्हणून भांडायला ते तिसरीच वापरतात, म्हणजे अडचण दोघांना सारखी. किनाऱ्यावरचे लोक वाऱ्यांना नात्याने हाक मारतात. एकाचं नाव आत्या: क्वचित येते, पण आली की मुक्काम हलवत नाही.

आज धनेश पाहिला. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, बारीक फट ठेवते आणि नर बाहेरून भरवत राहतो. मला एकदम तुझं घर आठवलं, फक्त आत तू आणि दमलेल्या वहिनी बाहेर. पण ती बया पिलं वाढवायला बसते रे. तू कशासाठी बसला आहेस? हृदयाची झडप बदला, मग खुशाल हिंडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि महाराजांचं आपलं ‘पुढच्या महिन्यात बघू’. एरवी जेवणाची घंटा व्हायच्या आत ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणत धावणारा तू!

आता मुख्य वार्ता. खारफुटीतून परतताना गाईड डोकी मोजत नाही, जोड्या विचारते. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची ग्वाही द्यायची. ऐनवेळी तू आला नाहीस, मी एकटा, म्हणून तिने मला काकूंच्या जोडीत तिसरा म्हणून घातलं होतं. पण पाठशाळेपासूनची आपली खोड, तुझी हजेरी मी द्यायची आणि माझी तू. तिने जोडीदार विचारला आणि मी ठणकावून सांगितलं, आहे. मी वाटेत कोणी नवा जोडीदार धरला असं वाटून तिने विचारलं, कसा दिसतो? उंच, बगळ्यासारखा. तिने चिखलात पाहिलं, नावाड्याने इंजिन बंद केलं आणि सगळे हाका मारत तुला शोधू लागले. गंमत म्हणजे थोडा वेळ मीही शोधत होतो. मग भानावर आलो आणि कबूल केलं की तो गृहस्थ घरी पंख्याखाली पडला आहे.

सगळे पोट धरून हसले. गाईड हसली नाही. म्हणाली, “काका, नसेल तर नाही म्हणायचं. आम्ही माणूस सोडून निघत नाही.”

परत बोटीत बसताना तिने मुद्दाम मलाच पुन्हा विचारलं. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. शेवटी काकूंनी माझ्या वतीने सांगितलं.

हे पत्र त्यासाठी आहे. ऑपरेशनला तू घाबरतोस, मला ठाऊक आहे. वहिनींपासून लपव, माझ्यापासून नको. मी आलो की दोघं जाऊन तारीख घेऊ, बाहेरच्या बाकावर मी बसेन. चेष्टा पुरे. तू जाशील, याची मला फार भीती वाटते.

तुझाच,
ढापण्या