तीन दातांच्या भुंगेऱ्याची जात रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. संग्रहपाल,
कीटक विभाग, निसर्ग संग्रहालय

विषय : दक्षिण आफ्रिकेतील फुलभुंगेऱ्यांच्या प्रजातीतील पाचवी जात रद्द करून तिची शोधमोहीम थांबवणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरचे माझे दोन अर्ज, आपल्या शेऱ्यांसह परत आलेले.

महोदय,

मी आपल्या विभागात एकवीस वर्षे भुंगेरे टाचणीवर लावतो व त्यांचे तुटलेले पाय चिकटवतो.

१. सदर प्रजातीतील चारही जातींना पुढच्या पायावर करवतीसारखे दोन दात असतात. बारा वर्षांपूर्वी आलेल्या एका भुंगेऱ्याला तीन आढळले, म्हणून आपल्या विभागाचे संशोधक कै. सरांनी ती पाचवी जात ठरवली. तिचा दुसरा नमुना जगात नाही.

२. तो पाय त्याचा नाही. भुंगेरा आला तेव्हा त्याला पुढचे पाय नव्हते. पेटीत एक सुटा पाय पडला होता, तो मी बसवला. गेल्या महिन्यात तीच पेटी साफ करताना भलत्याच प्रजातीचा भुंगेरा सापडला. पुढच्या डाव्या पायाला तीन दात, पुढचा उजवा पाय गायब. माझे धाबे दणाणले.

३. पहिल्या अर्जावर 'जात ठरवणाऱ्याची सही आणावी' असा शेरा आला. सर गेल्या वर्षी वारले; शोकसभेत आपणच बोललात. दुसऱ्या अर्जावर 'एकमेव नमुना हाताळू नये, दुसरा मिळाल्यावर तुलना करावी' असा शेरा आहे. जो पहिलाच नाही त्याचा दुसरा कोठून मिळणार, हे शेऱ्यात नाही.

४. सरांची विद्यार्थिनी, आपल्या संशोधक बाई, त्या दुसऱ्या नमुन्यासाठी दोनदा तिकडे जाऊन आल्या. मागच्या खेपेस तापाने फणफणत परतल्या. गुरुवारी पुन्हा निघत आहेत, आठ महिन्यांसाठी. लहान मुलगी आजीकडे राहील. डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो, बाईंना तोही मिळणार नाही.

५. हे त्यांना मीच सांगावे, असे आपण म्हणाल. काल त्या निरोप घ्यायला माझ्या टेबलाशी आल्या. "काका, सर गेले. आता तो हातात घेतलेले तुम्हीच उरलात. आहे ना हो तो तिकडे?" असे विचारले. मी "आहे" म्हणालो. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

६. वाफ दिली की डिंक सुटतो, दहा मिनिटांचे काम आहे. उद्या अकरा वाजता मी बाईंना माझ्या खोलीत बोलावले आहे. पाय त्यांच्यासमोर सोडवीन. तोंडाने जमले नाही, ते हाताने जमेल.

परवानगी मागत नाही. आपण हजर राहावे, एवढीच विनंती. माझ्यावरील कारवाईचे कागदही सोबतच आणावेत.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
मांडणी साहाय्यक, भुंगेरे कक्ष
मंगळवार

सोबत : दोन्ही अर्ज, शेऱ्यांसह.