कोरड्या खाचराचा फोटो

२ जुलै, बुधवार

हरले तर सही करायची. जिंकले तर पाच वर्षं भाऊजी खाचराचं नाव काढणार नाहीत. बोलून बसले खरी!

जयवंत भाऊजी बावधनहून आले ते शेजारच्या रिसॉर्टवाल्याचा कागद घेऊनच. त्याला आमच्या भातखाचरात पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या आहेत. खाचर दोघा भावांच्या नावावर, आणि हे गेल्यापासून ह्यांच्या जागी मी. म्हणजे माझ्या सहीवाचून गाडं अडलंय. अकरा वर्षं एकटीनं लावते मी ते भात. नाही द्यायचं मला! पण नुसतं ‘नाही’ किती दिवस म्हणत बसणार? म्हणून सरकारच्या कार्बन योजनेचं काढलं. तिच्यात जागा नोंदली गेली की पाच वर्षं तिथं भाताशिवाय काही करता येत नाही.

“वैनी, खाचार योजनेत पास झालं तर मी गप. न्हाई झालं तर तुमी गप, आन् सही.”

सासूबाईंच्या देखत ठरलं.

९ जुलै

योजनेचे दयानंद साहेब येऊन खाचरात पाइप ठोकून गेले. हातभर लांब, सगळा भोकाभोकांचा. म्हणे पाणी तुंबलेल्या भातातून वायू निघतो आणि जग तापतं. सरकारनं आता त्या वायूला भाव लावलाय. आपण मधूनमधून खाचर वाळवायचं, म्हणजे वायू निघत नाही. आणि हा न निघालेला वायू कारखानेवाले विकत घेणार!

सासूबाई म्हणाल्या, “न्हाई त्ये इकत घेत्यात? मंग माज्याकडं न्हाई असल्यालं लई हाय.”

साहेब हसले नाहीत. तीन फोटो अ‍ॅपवर पाठवायचे — २२ जुलै, ५ ऑगस्ट, २० ऑगस्ट. पाइपातलं पाणी वीतभर खाली गेलेलं दिसलं पाहिजे. मुळशीत! जुलैत!

“साहेब, पावसाचं काय?”

“पाऊस फॉर्ममध्ये नाही, ताई.”

१६ जुलै

पाऊस. पाइपाचं नुसतं टोक दिसतंय.

१९ जुलै

बांध फोडला. आमचं पाणी खाली गेलं, वरच्या खाचरातलं धोंडाबाईचं आमच्यात आलं. तिनं वरूनच शिव्या घातल्या, तिचं कालच टाकलेलं खत वाहून आलं म्हणून. बरोबरच आहे तिचं.

दुपारी बघते तर सासूबाई खाचरात उभ्या, चिंब. अंगावरचं इरलं काढून पाइपावर घातलेलं! ऐंशीची बाई! म्हणाल्या, “मी भिजले तर वाळंन. ह्यो भिजला तर खाचार जाईल.” धरून घरी आणलं. वाटेत आधी हसले, मग रडले.

२१ जुलै

डिझेलचं इंजिन आणलं. दिवसभर खाचरातलं पाणी उपसून ओढ्यात टाकलं. ओढा भरला आणि पाणी मुकाट्यानं परत खाचरात आलं. धुरानं सगळी आळी खोकतेय. भीत भीत साहेबांना फोन केला, हा धूर चालतो का?

“धुराचा रकानाच नाही, ताई. फक्त भाताचा वायू बघतात.” आणि मग समजावल्यासारखं, “एवढं घाबरता कशाला? अ‍ॅपला खाचर कळत नाही. पाइप जिथं असेल तिथं तुमचं भात, एवढंच त्याला कळतं.”

फोन ठेवला. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

२२ जुलै

केलं! पाइप उपटला आणि गोठ्यात रोवला. आमच्याकडं कोरडी भुई तेवढीच. गाय पडवीत बांधली. राबातली उरलेली रोपं पाइपाभोवती चार ओळींत लावली. सासूबाई सवयीनं मागं मागं सरकत लावत गेल्या आणि गव्हाणीवर जाऊन आदळल्या. पहिल्या फोटोत गाईचं शेपूट आलं. अ‍ॅप म्हणालं, पीक ओळखता आले नाही. दुसरा काढला — हिरवी खूण!

पाप बिप काही वाटत नाहीये. ह्या पावसात खाचर वाळवून दाखवा म्हणणाऱ्यांना वाटू दे.

५ ऑगस्ट

दुसरी हिरवी खूण. गोठ्यातलं भात पिवळं पडत होतं, म्हणून त्याला बल्ब लावलाय. गाय पडवीतून आत बघत हंबरते. तिच्या ताटात वाढून आम्हीच राखण करत बसलोय असं तिला वाटत असणार. धोंडाबाई येऊन बघून गेली. तीही योजनेत आहे. संध्याकाळी तिचाही पाइप तिच्या माजघरात.

२० ऑगस्ट

तिसरी!!

साहेबांचा फोन आला. “ताई, इतकं कोरडं भात तालुक्यात कुणाचं नाही. बाकीच्यांना तुम्ही मार्गदर्शन करायला हवं.” करते म्हटलं.

भाऊजींना कळवलं. म्हणाले, “बरं. शब्द दिलाय.” तेवढ्यावर फोन ठेवला.

खाचरावर गेले. गुडघाभर पाण्यात भात उभं, काळंभोर म्हणावं इतकं हिरवं. बांधावर बसून मोठ्यानं म्हणाले, राहिलास रे बाबा! आजूबाजूला कुणी नव्हतं. असतं तरी म्हणाले असते. लई आनंद झालाय.

८ सप्टेंबर

योजनेचा कागद आला. सासूबाई खाचरात तण बेणायला गेलेल्या. भाऊजी आले होते, त्यांनीच मोठ्यानं वाचला. नोंद झालेली जागा: तिन्ही फोटोंत पाइप होता ती, राहत्या घरामागचा गोठा. तिथं पाच वर्षं भाताशिवाय दुसरं काहीही करू नये.

भाऊजी हसले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, “वैनी, पास गोठा झालाय. खाचार मोकळं हाय.”

साहेबांना फोन केला. दुरुस्ती होते म्हणाले. पण पाइप कुणी, कधी, का हलवला ते लिहून द्यावं लागेल. मग नावच कमी होईल. म्हणजे तरीही नापासच.

माझ्याच हातानं उपटला मी.

१० सप्टेंबर

सही केली.

सासूबाई खाचरातून आल्या. पाय धुता धुता विचारलं, “पास झालो न्हवं आपुन?”

व्हय म्हणाले.