होडीच्या नावाची आई

प्रति,
मा. नातेपडताळणी अधिकारी,
नागरी नोंदणी कार्यालय, सुतारपेठ विभाग,
दमियाता.

विषय : मयत भाऊ शेहाता मुतवल्ली अल-गिंदी यांचे प्रेत दफनासाठी मिळणेबाबत, तसेच अर्जदार तोतया नसल्याची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : खिडकी क्र. ३ वर सबरीसाहेबांनी दिलेले तोंडी उत्तर, "आधी दोघांची आई एक करून आणा."

महोदय,

खाली अंगठा करणारा बदावी मुतवल्ली अल-गिंदी, धंदा लाकडावर नक्षी कोरणे, आपली कैफियत मांडतो ती येणेप्रमाणे.

१. अर्जदाराचे धाकटे बंधू शेहाता हे गेल्या शुक्रवारी रुग्णालयात वारले. ते अविवाहित होते. अर्जदाराखेरीज त्यांना कोणी नाही. आमच्यात मयत त्याच दिवशी मातीआड होते. शेहाता अद्याप शवागारात आहेत.

२. प्रेत नेण्याचा अर्ज आता मोबाईलवरूनच करावा लागतो आणि त्यात मयताच्या व अर्जदाराच्या आईचे नाव जुळावे लागते. मुतवल्ली नावाचे बाप या शहरात पोत्याने सापडतात, म्हणून नियम योग्यच आहे. अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही.

३. तथापि, मागील हिवाळ्यात कहवाखान्याचे मालक हिल्मी यांना कोणा भामट्याने "तुमचे पार्सल अडकले आहे" असे कळवून नागवले. तेव्हा अर्जदाराच्या मेहुणीची मुलगी शाहिनाझ हिने अर्जदाराच्या ब्राउझरमध्ये 'राखणदार' नावाचे साधन बसवले. खोटे पान उघडले की ते लाल होते, आपली खासगी माहिती कुलपात ठेवते आणि कुठे काही भरायचे असल्यास स्वतःच भरते. साधन उत्तम आहे. ते बसवताना मात्र शाहिनाझने भर कहवाखान्यात विचारले, "काका, तुमच्या आईचं नाव काय हो?"

साहेब, डॉमिनोच्या सोंगट्या हवेतच थांबल्या. हिल्मी हुक्क्याची नळी तोंडातून काढून म्हणाले, "सांगा की बदावीभाई, आम्ही कान बंद करतो," आणि कान पुढे केला. आईचे नाव चारचौघांत घेणारा पुरुष सुतारपेठेत अजून जन्मायचा आहे. अर्जदाराची नजर समोर धक्क्याला बांधलेल्या होडीवर गेली. तिच्यावर रंगवले होते 'नगमत अल-बहर'. अर्जदाराने तेच सांगितले. शाहिनाझने तेच कुलपात ठेवले.

४. परिणामी, प्रेताच्या अर्जात राखणदाराने स्वतःहून अर्जदाराची आई म्हणून 'नगमत अल-बहर' भरले. सबरीसाहेब उद्गारले, "काका, ही तर रशादची होडी! ती गळतेसुद्धा!" अर्जदाराने घरी जाऊन खरे नाव भरताच राखणदार लालबुंद झाला. "सावधान, कोणीतरी बदावी यांचे सोंग घेत आहे," असे त्याने खुद्द बदावीस बजावले व आपल्या कार्यालयासही कळवले. तेव्हापासून अर्जदार आपल्या दप्तरी तोतया आहे. शाहिनाझने राखणदार काढून टाकला, परंतु त्याने केलेली तक्रार काही निघेना.

५. जन्माचा दाखला द्यावा म्हणावे, तर आम्ही दोघे सरोवरातल्या बेटावर सुईणीच्या हाती जन्मलो. वडिलांनी पुढे नोंद केली ती फक्त स्वतःच्या नावाची. त्यांनाही लाज होतीच.

६. सबब काल अर्जदाराने खिडकी क्र. ३ वर, मागे रांग उभी असताना, आईचे नाव तोंडाने उच्चारले. मोठ्याने, कारण सबरीसाहेबांना एका कानाने कमी ऐकू येते. ते नाव अर्जदार येथे पुन्हा लिहीत नाही. त्यानंतर अर्जदारास काही वाटले नाही. वाटेल असे समजून तो थोडा वेळ भिंतीशी उभा राहिला होता.

तेही नाव जुळले नाही. रुग्णालयाच्या दप्तरी शेहाताच्या आईचे नाव 'हनान' आहे. आमच्या घराण्यात हनान कोणी नाही. चौकशीअंती समजले, की भरती करतेवेळी भरलेल्या वॉर्डात परिचारिकेने शेहाताला आईचे नाव विचारले आणि त्याने तिच्याच छातीवरच्या पाटीवरचे नाव वाचून सांगितले. त्या बाई अर्जदारास म्हणाल्या, "मी त्यांची आई? काका, माझं अजून लग्न नाही झालं हो!" आणि मग रडू लागल्या. त्यांनी तसे लिहूनही दिले आहे.

७. साहेब, आपल्या दप्तराप्रमाणे अर्जदार एका होडीचा मुलगा आहे व शेहाता एका अविवाहित मुलीचा. दोघांचे नाते नाही हे त्यावरून कोणासही पटेल. परंतु आपणांस नम्र विनंती, की आपण कागद जरा बाजूस सारून पाहावे. एक मनुष्य कहवाखान्यात खोटे बोलला, दुसरा मरणाच्या खाटेवर खोटे बोलला, आणि दोघांनी झाकले ते नाव एकच. परक्याच्या आईसाठी मरताना कोण खोटे बोलतो? हे दोघे भाऊ नसतील, तर या शहरात भाऊ कोणास म्हणावे हे आपणच ठरवून द्यावे.

शेहाताला थंडी सोसत नसे. ऑगस्टमध्येही तो गळ्याला मफलर गुंडाळी. शवागाराचा पहारेकरी म्हणतो, आत सर्वांना सारखेच असते. तरी विचार व्हावा.

आज्ञेची वाट पाहत दाराशीच उभा असलेला,

बदावी मुतवल्ली अल-गिंदी
(डाव्या हाताचा अंगठा, उजवा छिन्नीखाली गेला आहे)

दिनांक : मंगळवार, दुपारच्या अजाननंतर

सोबत :
अ) परिचारिका हनान यांचे, त्या शेहाताच्या आई नसल्याचे लेखी निवेदन.
ब) होडीमालक रशाद यांचे, होडीस मूल नसल्याचे लेखी निवेदन.
क) कफनाचे कापड. टाचणीने जोडता आले नाही. अर्जदाराच्या काखेत आहे, मागितल्यास दाखवील.