लांब्रोस आणि झीकोस यांच्या अस्थींबाबत

मी, झोइत्सा, कै. व्हांगेलिस गोगोस यांची विधवा, म्हणून आडनावाने गोगू, राहणार पेत्रोव्रीसी, एपिरसचा डोंगर, आज माझ्याच स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर बसून, डोकं ठिकाणावर असताना हे सांगत आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून नोटरी कालिरोईबाई लिहून घेत आहेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे दोघे माझेच मुलगे असून त्यांना मी सकाळीच अंगणाबाहेर काढले आहे.

"आजी, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत," बाई म्हणाल्या.

"तू लिही गं बये. मरणार मी आहे."

कलम १. घराचा वरचा मजला थोरला स्ताथिस याला, खालचा धाकटा किमोन याला. जिना दोघांचा. जो बाहेरून दुसरा जिना बांधेल त्याचा मजला भावाला जाईल. स्ताथिस डाव्यांच्या लाल कॉफीखान्यात बसतो, किमोन उजव्यांच्या निळ्या. परक्याला वाटेल, केवढी तत्त्वं असतील! जंगलराखणदाराची जागा एकच होती. निळ्यांनी सत्तेवर येताच स्ताथिसला काढलं आणि त्याच जागी किमोनला लावलं. त्या दिवशी एक डावा झाला, एक उजवा, आणि एकमेकांशी बोलणं बंद झालं.

कलम २. शेळ्या आणि अक्रोडाचं झाड दोन्ही सुनांना, सामाईक. त्या दोघी झऱ्यावर धुणं धुताना तासन् तास बोलतात. हे माझ्या मुलग्यांना माहीत नाही. आता झालं.

कलम ३. निळ्या कॉफीखान्याचा मालक प्रोकोपिस याला माझ्या गाढवाचं खोगीर. कारण लिहून ठेवावं. आमच्याकडे मतदानाला प्रत्येक पक्षाचा कागद वेगळा असतो, त्यातला एक पाकिटात घालायचा. मला वाचता येत नाही म्हणून दोन्ही मुलगे घरूनच आपापला कागद घडी करून माझ्या एप्रनच्या खिशात सारतात. "आई, हाच टाक हं." मी दोन्ही एकाच पाकिटात घालते. असं मत बाद होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. दर मोजणीला प्रोकोपिस ओरडतो, "या गावात एक गाढव आहे!" खोगीर त्याला बरोबर बसेल.

कलम ४. आता मूळ गोष्ट.

माझे भाऊ लांब्रोस आणि झीकोस. यादवी सुरू झाली तेव्हा आईने दोघांना याच बाकावर बसवलं आणि म्हणाली, "दोघं एकाच बाजूला गेलात तर दोघंही जाल. एकाने इकडे जा, एकाने तिकडे. ज्याची बाजू जिंकेल त्याने दुसऱ्याला घरी आणायचं." लांब्रोसचे बूट धड होते, म्हणून तो डोंगरात, बंडखोरांकडे. झीकोसचे फाटले होते, म्हणून तो सैन्यात, सैन्यात बूट मिळतात म्हणून. आमच्या घरातलं डावं-उजवं एवढंच. बुटांवरून ठरलं.

एकाच हिवाळ्यात दोघेही गेले. झीकोससाठी चर्चची घंटा वाजली. लांब्रोसला आईने आणि मी गुपचूप पुरलं. आमच्या रीतीप्रमाणे काही वर्षांनी, वेळ झाल्यावर, दोघांची हाडं मीच उकरली, मीच लाल वाइनने धुतली, मीच पेट्यांत भरली. गावातल्या सगळ्यांच्या पेट्या अस्थिघरात ठेवतात, पण लांब्रोसची, बंडखोराची म्हणून, गावाने किती वर्षं येऊ दिली नाही. तोवर ती माझ्या खाटेखाली होती. कै. व्हांगेलिस त्या खाटेवर नीट झोपले नाहीत, बिचारे.

दुपारी गाव झोपतं तेव्हा माझे दोघे भाऊ येतात. समोर बसतात. दोघेही अनवाणी. एकाचे बूट तो मेल्यावर कोणीतरी काढून नेले, दुसऱ्याला सैन्याने दिलेच नाहीत. माझ्याकडे बघून विचारतात, "झोइत्सा, कोण जिंकलं?" मी शेंगा सोलत राहते.

यंदाच्या बर्फाने अस्थिघराचं छप्पर कोसळलं, दोघांच्या शेजारशेजारच्या पेट्या फुटल्या, हाडं एकमेकांत मिसळली. आता लाल कॉफीखान्याला चौकातल्या स्मारकाखाली लांब्रोस हवा आहे, आणि निळ्याला चर्चपुढच्या खांबाखाली झीकोस. माझ्या मुलग्यांनी दोन कवट्या माझ्यापुढे आणून ठेवल्या.

"आई, आमचा मामा कुठला ते दाखव," स्ताथिस म्हणाला.

किमोन दारातून, "त्याला सांग, दोघेही माझेसुद्धा मामा आहेत."

"त्याला सांग, खांबाखाली पुरायला माझा मामा मिळणार नाही."

"अरे, तो इथेच उभा आहे, बहिरा नाहीये!" मी म्हटलं.

दोन्ही मांडीवर घेतल्या. कपाळ बापाचं, दोघांनाही. लहानपणी यांच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात, यांची हाडं मी धुतलीत. बोटं फिरवली, परत फिरवली. ओळखू येईना. मुलग्यांना वाटतं, म्हातारी मुद्दाम सांगत नाही. नोटरीसमोर शपथेवर सांगते: मला ठाऊक नाही.

तेव्हापासून ते दोघे दुपारी येतात ते अगदी खेटून बसतात, आणि मला हाक मारताना आवाजसुद्धा एकच येतो.

कलम ५. म्हणून दोन्ही कवट्या कोणालाही द्यायच्या नाहीत. त्या माझ्याबरोबर पुरायच्या, पायाशी नाही, उशाशी, एक या गालाला, एक त्या गालाला. पुरून आल्यावरची शोकाची कॉफी आणि ब्रँडी माझ्या अंगणात द्यायची, कुठल्याही कॉफीखान्यात नाही. पुढे वेळ झाली की मला स्ताथिस आणि किमोन यांनीच उकरायचं, त्यांनीच धुवायचं. सुनांना पाठवायचं नाही. तोवर घर विकता येणार नाही.

उकराल तेव्हा तीन कवट्या निघतील. मामांचे दात छप्पर कोसळलं तेव्हा गेले, माझे आधीच गेलेत. त्यातली आई कोणती, हे तुम्हाला एकमेकांना विचारावं लागेल. निरोप पोचवायला तेव्हा मधे कोणी नसेल.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. आवाज कालिरोईबाईंचा, शब्द माझेच आहेत.

पेत्रोव्रीसी, १४ मार्च १९९३

झोइत्सा गोगू, डाव्या हाताचा अंगठा. उजव्याचाही घ्या म्हणाली, म्हणून तोही.

साक्षीदार:
१. आरिस्तिदिस झाप्पास, निळा कॉफीखाना (सही)
२. मेनेलाओस दूकास, लाल कॉफीखाना (सही)
३. पापा-नेक्तारिओस, धर्मगुरू, कॉफी घरीच पितात (सही)

माझ्यासमोर: कालिरोई व्रेत्तू, नोटरी