आपट्याचं फाटकं पान

देवास, दसरा. दिवेलागण झाली आहे.

जिंकले! लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मामंजी कबूल करायचे नाहीत.

काल ट्यूशनला इंग्रजीतला 'वर्थ' शब्द शिकवला. पीपलरावां गावाहून बसनं येणाऱ्या पायलनं वाक्य केलं, आपट्याच्या पानाचा वर्थ सोन्याएवढा असतो. मी पूर्ण मार्क दिले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर कोषागारात नोकरी केलेले, झोपाळ्यावरून गरजले, "चूक! पानाला कसली आलीय किंमत? बकऱ्या खातात."

मी म्हटलं, "वर्थ म्हणजे नुसती किंमत नाही. बघण्याजोगं, राबण्याजोगं, जीव लावण्याजोगं, सगळं त्यात येतं."

"उगीच लाड," म्हणाले. तेव्हापासून तेच डोक्यात. खरंच लाड करत होते का मी?

आज संध्याकाळी पायल सोनं द्यायला आली. बसच्या गर्दीत पान चुरगळलेलं, एका बाजूनं फाटलेलं. ते तिनं मामंजींच्या हातात ठेवलं आणि वाकून पाया पडली. "दादाजी, सोना लो. एक ही बचा था, आपके लिए रखा."

ती गेल्यावर मामंजींनी कपाटाची किल्ली मागितली, सासूबाईंच्या मागे राहिलेल्या पाटल्यांची डबी उघडली आणि ते फाटकं पान पाटल्यांवर अलगद ठेवलं.

मी दारातूनच विचारलं, "मामंजी, किती मार्क?"

"पूर्ण," पाठमोरेच म्हणाले. "पण अक्षर सुधारायला सांग तिला."