आधी तू

१ तारीख

नवी नोकरी, नवं घर, आई मात्र जुनीच. सामान लावता लावता माझ्यावर दोनदा खेकसून झालं तिचं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, आईच्या खोलीत भरपूर ऊन येतं. जेवताना नेहमीचं नाटक झालं. ती म्हणते आधी तू जेव, मी म्हणते आधी तू, तुला साखरेच्या गोळ्या घ्यायच्यात. या मानापानात सूप गार झालं. शेवटी हसत हसत दोघींनी एकदमच चमचा उचलला. फार दिवसांनी बरं वाटतंय.

३ तारीख

काम कळलं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सतराशे साठ कुलपं असतात. एकाच गोष्टीवर दोन कामांनी एकदम हात टाकू नये म्हणून. एका कामाने एक कुलूप धरलं, दुसऱ्याने दुसरं, आणि दोघंही ‘आधी तू सोड’ म्हणत अडून बसली की झाली कोंडी. मग दोघं तिथेच, जन्मभर. असं होण्याआधीच ओरडणारा एक तपासनीस कर्नलमध्येच बसवलेला आहे. पण त्या शहाण्याला कुलूप ओळखता येत नाही, कुलपाची जात तेवढी कळते. एका जातीची दोन कुलपं एकामागोमाग धरलेली दिसली की हा लागला बोंबलायला. जात बघून निवाडा करणारे आपल्यात कमी होते, म्हणून यंत्रालाही शिकवलं.

तर माझं काम म्हणजे अशा खोट्या बोंबा शोधायच्या, ‘ही खोटी’ अशी खूण करायची आणि एका ओळीत कारण लिहायचं. खूण केली की तपासनीस त्याबद्दल पुन्हा तोंड उघडत नाही. वरिष्ठांचं नाव मी मनातल्या मनात मुकादम ठेवलंय. ते म्हणाले, आधीची बाई फार शंका काढायची, म्हणून गेली.

८ तारीख

हात बसला. आज एक बोंब मिटवली: दोन कामं, एकच वाट. कारण लिहिलं, ‘ही दोघं समोरासमोर कधीच येत नाहीत.’ मुकादम खूश.

दुपारी गंमत झाली. चाचणी विभागातला उंच गडी आणि स्वागतकक्षातल्या बाई जेवणघराच्या दारात समोरासमोर आले. तो म्हणाला आधी तुम्ही, त्या म्हणाल्या आधी तुम्ही. आम्ही खिदळत मागच्या दाराने आत गेलो, जेवलो. परत आलो तरी दोघं तिथेच, डोळेसुद्धा न हलवता. मग कोणी हसलं नाही. शेवटी दोघांना उचलून दवाखान्यात नेलं.

१० तारीख

दोघं तसेच आहेत म्हणे. सलाईन लावलं तर थेंब नळीतच अडतो. मी लिहिलेलं कारण पुन्हा वाचून पाहिलं. छे, काहीतरीच. शिकलेली बाई मी.

१३ तारीख

उद्या नवी आवृत्ती बाहेर जायची आणि एक बोंब शिल्लक. एका कामातून दुसरं निघालेलं असलं की त्या जोडीला आम्ही आई आणि मूल म्हणतो. आधी आईचं कुलूप धरायचं, मग मुलाचं, असा नियम. तपासनीस म्हणतो, कुठेतरी हा क्रम उलटतोय. कुठे ते मला सापडेना. मी दोन दिवस मागितले. मुकादम हसले. “मॅडम, आई आधी, मूल नंतर. यात शोधायचं काय? लिहा आणि मोकळ्या व्हा.”

लिहिलं. ‘आई आधी, मूल नंतर. क्रम कधीच उलटत नाही.’ खात्री नव्हती तरी लिहिलं. नोकरी नवी आहे, तोंड कुठे उघडणार?

१४ तारीख

जेवायला बसलो. आई म्हणाली आधी तू. मी म्हटलं आधी तू. आणि चमचा ओठांपाशी येऊन थांबला. तिचाही. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. आधी दोघी हसलो. मग मी तिला भरवायला गेले तर तिचे दात घट्ट मिटलेले. पाणीही जाईना. आईने माझा हात धरून ठेवला होता.

१५ तारीख

दवाखाना झाला. तिलाही सलाईन उतरलं नाही. तपासण्या ठीक आहेत म्हणे, घरी न्या. साखर घसरतेय, हे काय त्यांना दिसत नाही?

मुकादमांना फोन केला. मी रडले, हात जोडले, म्हटलं माझी खूण काढा, ती बोंब खरी होती. ते म्हणाले, आवृत्ती गेली सगळीकडे. आणि बोंब नाही ना आता, मग कोंडी कसली? तळपट होवो मेल्याचं.

१६ तारीख

तो उंच गडी आज गेला. त्याच क्षणी स्वागतकक्षातल्या बाई उठून बसल्या, भूक लागली म्हणाल्या. नर्स फोनवर आनंदाने सांगत होती —

यंत्रातली कोंडीही अशीच सुटते. दोघांतल्या एकाला मारायचं. आईने विचारलं, मी सांगून बसले. कोणाला मारतात, तेही तिने विचारलं. ज्याच्या जाण्याने कमी काम वाया जाईल, त्याला.

आईने माझ्या केसांवरून हात फिरवला. “मग बरंय,” म्हणाली. “आधी तू जेव.”

१७ तारीख

आई आतल्या खोलीत. बोलणं अडखळतंय. मी टेबलाशी, समोर सूप. लिहिता येतं, खाता येत नाही —

मघाशी मनात एक विचार आला. नाही लिहीत. थू माझ्यावर.

तिने आतून विचारलं, जेवलीस का. नाही म्हटलं.

सवयीने चमचा उचलला —

गेला. तोंडात गेला. कोमट, खारट. गिळलं. दुसरा. तिसरा — किती भूक होती, देवा —

आईला हाक मारली. ओ आली नाही.

उठायला हवं. आत जायला हवं. आधी हा एवढा चम—