ढब्बूचं काळं नख

प्रिय ठमे,

बाबांशी भांडून, किल्ली टेबलावर आपटून तू गेलीस आणि तुझा गिनीपिग माझ्या पदरात टाकलास. त्याचं खाणंपिणं मी बघते, पण नखं कापायची माझी छाती होत नाही. नेलकटर दिसला की ढब्बू असा किंचाळतो की शेजारीण धावत येते. म्हटलं, वाढू देत.

पण ती वाढतच नाहीत! मध्येच कधीतरी बघावं तर सगळी कापलेली, मागचे लोंबणारे केस छाटलेले, तळव्यांना मलमसुद्धा. आधी शेजारणीचा संशय आला, पण ती त्याला उंदीर म्हणते आणि दारातूनच बोलते. मग बाबांवर डोळा ठेवला. त्यांना तर स्वतःची नखं कापायलाही चष्मा मी शोधून द्यावा लागतो.

परवा ढब्बूला उलटा धरून नीट पाहिलं. मागच्या पायाचं काळं नख तेवढं लांब. त्यातली शीर दिसत नाही म्हणून तू ते एकदा खोल कापलंस, रक्त आलं, आणि मैद्याची चिमूट दाबून ढब्बूपेक्षा तूच जास्त रडलीस. तेव्हापासून ते तू शेवटी घेतेस आणि टोकापुरतंच कापतेस. मी खुंटीकडे पाहिलं. तिथे अडकवून ठेवलेली तुझी किल्ली गायब!

मग मला एकेक उलगडायला लागलं. यांना महिन्यातून एकदा मला बाजारात न्यायची हुक्की का येते? जन्मात पिशवी न उचललेला माणूस पडद्यांची कापडं चाचपतो आणि सारखा घड्याळ बघतो. ‘तिचं नाव काढायचं नाही’ असं तुझ्याबद्दल मला बजावून बसलेत, आता माझ्यासमोर माघार घ्यायची लाज वाटते. आणि तू त्यांना सामील! फार राग आला मला. माझी लेक माझ्याच घरात येऊन जाते आणि मला कळतं ते ढब्बूच्या पायांवरून. किती आठवण येते गं तुझी.

आज सकाळी पुन्हा पडद्यांचा विषय निघालाय. यांची दाढी होईपर्यंत हे खरडतेय आणि ढब्बूला गुंडाळायच्या टॉवेलच्या घडीत ठेवतेय. वाचशील तेव्हा तो तुझ्या मांडीवर असेल. उठू नकोस. कोपऱ्यावर पोचलो की माझा गुडघा दुखणार आहे आणि मी यांना घेऊन परत फिरणार आहे. तू सावकाश नखं काप. काळ्या नखाशी येशील तोवर आम्ही दारात असू.

तुझीच,
गुडघा अगदी ठणठणीत असलेली
आई